चालू औषधे

सावळजहून मी अंधारातच गाडी काढते.
थर्मासचा डबा हँडलला, आत बर्फ खुळखुळतो.
पोचते तेव्हा हिंदुराव खोत ओट्यावर बसलेले असतात
बाही आधीच वर करून.
"उपाशीपोटीच हाय," म्हणतात. "रोजचंच हाय ते.
वारं पडल्यालं असतंय तवर उरकावं लागतंय."

शीर लवकर सापडत नाही.
नखांच्या कडेला निळसर रेघ,
मोरचूद आहे, साबणानं जात नाही.
शालनवहिनी त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवतात,
ती बादली शेजारणीनं मागितली तरी देत नाहीत,
कारण सांगत नाहीत.

रक्त नळीत चढतं. मग फॉर्म.

वडिलांना शुगर होती?
नव्हती.
आईला?
नव्वदीची होऊन गेली, शेवटपर्यंत भाकरीवर काकवी.
गोड आवडतं?
"च्या बी बिनसाखरंचा. पाव्हणं हसत्यात."
चालणं-फिरणं होतं का?
यावर ते स्वतःच हसले.
दुसऱ्यांच्या बागा, पाठीवर पंप, पुढं नऊ फुटी ओळ,
एकरात किती ओळी, हंगामात किती एकर,
बोटांवर मोजायला घेतलं
आणि दुसऱ्या हातावर आल्यावर सोडून दिलं.

सध्या चालू औषधे?

"हायत की," म्हणाले, आणि सांगू लागले.
छाटणी झाली की मोरचूद-चुना.
पोंग्याला डावण्याचं.
फुलोऱ्यात थ्रिप्सचं, ते लई उग्र, डोकं धरतंय.
ढग आलं की दिवसाआड,
कधी रात्री बॅटरी लावून.
भुरीचं निराळं. मिलीबगचं निराळं.
दोनशे लिटरचं पिंप,
काठी दिसली नाही तर हातानंच ढवळायचं,
सव्वीस वर्षं झाली, काय होत नाही.

चौथ्या नावापर्यंत मी लिहीत गेले होते.
मग पेन थांबलं.
खोडावं म्हटलं, पण त्यांनी खोटं काय सांगितलं?
दुकानाच्या पाटीवर औषधंच लिहिलंय,
उधारीच्या वहीत औषधंच,
आणि शरीरात कुठल्या वाटेनं गेलं
एवढाच तर फरक.

डॉक्टर मगदूम चष्मा पुसत म्हणाले,
असं लगेच म्हणता येत नाही.
फवारणी करणाऱ्यांत जास्त दिसतं, असे अभ्यास आहेत,
पण वय आहे, झोप आहे, तंबाखू आहे,
अख्ख्या बागेतून एका घडाकडे बोट कसं दाखवायचं?
बरोबर आहे त्यांचं.
माझ्या वहीत मात्र याच रस्त्यावरची नावं आहेत,
गाडी कुठं थांबवायची ते आता हाताला कळतं.
वहीला कुणी अभ्यास म्हणत नाही.

परतताना फाट्यावरच्या बागेत व्यापारी आला होता.
एक मणी चिमटीत फोडून
थेंब काचेवर टाकला,
यंत्राला डोळा लावून आभाळाकडं बघितलं.
"एकोणीस!"
मालकानं टोपी काढून डोकं खाजवलं, दर वाढणार होता.
शेजारच्या ओळीत पोरं क्रेटात कागद अंथरत होती.
मी उगाच थांबून राहिले,
डब्यात नळ्या गरम होत होत्या.

दुपारी आमच्या यंत्रानं आकडा दिला: दोनशे सत्त्याऐंशी.
दोनदा लावून बघितला.
एकोणिसाला टाळी देणारे होते,
याला फोन करायचा होता मलाच.
शालनवहिनींनी उचलला.
"म्हंजे आता औषध चालू करायचं?" त्यांनी विचारलं.
"हो," म्हणाले,
आणि पलीकडं बराच वेळ फक्त बादलीत पाणी पडताना ऐकू येत राहिलं.

निघताना त्यांनी पिशवीत घड घातले होते,
धुऊन खा म्हणाल्या होत्या.
अजून डिकीतच आहेत.

रिपोर्ट टाइप केला.
त्या रकान्यात मोजकीच अक्षरं मावतात,
'फुलोऱ्यात थ्रिप्सचं, ते लई उ'
इथं तुटलं.
तसंच छापलं.